‘ते’ म्हणजे कोण, आजोबा?



सहा महिने हा स्तंभ बंद राहिला. काही वाचकांनी संपादकांकडे चौकशी केली, काहींनी थेट आमच्या घरी फोन लावले, आणि एका जुन्या स्नेह्यांनी तर आमची प्रकृती बिघडली असे गृहीत धरून औषधही सुचवून टाकले. प्रकृती ठणठणीत आहे. आम्ही उभयता २०२५ च्या मे महिन्यात मुलाकडे लंडनला गेलो होतो, ते ऑक्टोबर संपता संपता परत आलो. पाहुण्यांच्या व्हिसावर तिथे एका खेपेला सहा महिनेच राहता येते.

लंडनचे प्रवासवर्णन लिहिण्याचा विचार नाही. राजवाडा, पूल, मोठे घड्याळ यांचे फोटो आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात. आम्हाला लिहायचे आहे ते लेकरांविषयी. नागपूरच्या इंदोऱ्यातून, औरंगाबादच्या वस्त्यांतून, मुंबईच्या चाळींतून शिकून निघालेली आपली पोरे आज पुण्या-हैदराबादमार्गे लंडन, दुबई, न्यू जर्सी, सिडनी इथपर्यंत पोहोचली आहेत. आपण इकडे अभिमानाने पेढे वाटतो, आणि वाटावेतच. पण त्या दूरच्या भाड्याच्या घरात अडीच वर्षांचे, सहा वर्षांचे मूल कसे वाढते, त्याला कोण काय विचारते आणि ते घरी येऊन काय विचारते, याची आपल्याला फारशी कल्पना नसते. आम्हालाही नव्हती. शिवाय या सहा महिन्यांत आमच्या हातून एक चूक झाली. ती लपवून बाकीचे लिहिता येणार नाही.

मुलाचे घर पश्चिम लंडनमध्ये हौन्स्लो भागात आहे. विमानतळ जवळ असल्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान जाते. पहिले आठ दिवस आम्ही प्रत्येक वेळी वर पाहत होतो. मुलगा संगणक कंपनीत, सूनबाई हिशेबाच्या कामात. नात सहा वर्षांची, नातू अडीच वर्षांचा. सकाळी साडेसहाला घर उठते आणि पावणेआठला रिकामे होते. या सव्वा तासात दोन लेकरांची तोंडे धुणे, खाणे, डबे, गणवेश आणि बाबागाडी, आणि हे सगळे दोनच माणसांनी करायचे. आपल्याकडे निदान शेजारची काकू दोन मिनिटे मूल धरते. तिथली शेजारीण चांगली आहे, पण तिच्या घरी न विचारता जाता येत नाही.

पैशाचेही स्पष्ट सांगतो, कारण इकडे सगळ्यांना फक्त पौंडाचा भाव दिसतो. तिथे कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यासाठी आगाऊ आरोग्य-अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि लहान मुलाला ७७६ पौंड आहे. चौघांचा हिशेब साडेतीन हजार पौंडांच्या वर जातो, तोही जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा एकदम. कंपनीने भरला तर ठीक, नाही तर खिशातून. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आईबापांच्या लेकरांना आता नऊ महिन्यांपासून आठवड्याला तीस तास नर्सरी फुकट मिळते, पण दोघांच्याही व्हिसावर ‘सरकारी निधी नाही’ असा शिक्का असेल त्यांना नाही. त्यांच्या लेकरांना तीन वर्षे पूर्ण झाल्यावर पंधरा तास तेवढे मिळतात. तेव्हा आमच्या अडीच वर्षांच्या नातवाची पूर्ण फी, आणि सूनबाईंचा निम्म्याहून अधिक पगार नर्सरीच्या दारातच संपत होता. आजी गेल्यावर नर्सरी पाच दिवसांची दोन दिवसांवर आली. ‘आई, तुमचं तिकीट तीन महिन्यांत वसूल झालं,’ असे सूनबाई हसून म्हणाल्या. आजीला ते कौतुक वाटले. आम्हाला थोडे लागले, पण हिशेब चुकीचा नव्हता.

नातू बोलत नव्हता. अडीच वर्षांचा होऊन दहा-बारा शब्द, तेही निम्मे मराठी निम्मे इंग्रजी. ओळखीच्या भारतीय बायांनी सूनबाईंना सांगून ठेवले होते, की घरात दोन भाषा बोलता म्हणून पोर गोंधळले, आता फक्त इंग्रजी बोला. मुलाने ते मनावर घेतले होते. आम्ही गेलो तेव्हा घरात विचित्र प्रकार चालू होता. नवरा-बायको आपसात मराठी आणि पोराशी इंग्रजी, आणि त्या इंग्रजीत ना लाड होते ना राग. तिथे दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाची तपासणी होते. आरोग्य-परिचारिका येते, प्रश्नावली भरून घेते, जन्मापासूनच्या लाल पुस्तकात नोंद करते. तिने आजीकडे बघून सूनबाईंना विचारले, या बाळाशी कोणत्या भाषेत बोलतात? मराठीत, असे कळल्यावर ती म्हणाली, मग तुम्हीही बोला. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, जी भाषा तुम्हाला मनापासून येते तीत भरपूर बोला. कानांची तपासणीही तिने करायला लावली, ती ठीक निघाली.

त्या दिवसापासून आजीने जे तोंड उघडले ते परतीच्या विमानापर्यंत मिटले नाही. कांदा चिरताना, दूध तापवताना, कपडे घड्या करताना अखंड बोलणे. जुलैमध्ये नातवाने पहिले पूर्ण वाक्य म्हटले: ‘आजी, पानी दे.’ मुलगा लगेच म्हणाला, ‘पाणी म्हण बेटा, पाणी.’ आजी म्हणाली, ‘राहू दे. माझी मायही पानीच म्हणे.’ आम्ही चाळीस वर्षे शाळेत शुद्धलेखन शिकवले, पण त्या वेळी आजीच्या बाजूने होतो.

विषय निघाला आहे तर कागदांचे दोन शब्द इथेच. नातू तिथे जन्मला म्हणून ब्रिटिश झाला असे अनेकांना वाटते. तसे नाही. १९८३ पासून तिथे नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा बाप ब्रिटिश किंवा तिथे कायमचा स्थायिक असावा लागतो. भारताचे नागरिकत्व हवे तर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद आपल्या वकिलातीत वर्षाच्या आत करावी लागते, नंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. आमच्या चिरंजीवांनी हे काम अकराव्या महिन्यात केले! आणि दुसरे, आजोबा-पणजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले जपून ठेवा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. उद्या ही लेकरे इकडे शिकायला परतली तर तो कागद लंडनमध्ये मिळायचा नाही, तुमच्या पत्र्याच्या पेटीतच मिळेल.

असो. मे महिन्यात आम्ही पोहोचलो आणि लगेच वैशाख पौर्णिमा आली. लंडनमध्ये चिझिक भागात एक जुने बुद्धविहार आहे. अनागारिक धर्मपालांनी १९२६ साली लंडनमध्ये ते सुरू केले आणि १९९४ पासून ते चिझिकला आहे. भिक्खू सिंहली. मुलगा चार वर्षे तीन मैलांवर राहत होता, पण एकदाही गेला नव्हता. ‘तिथे आपलं कोणी नसतं बाबा,’ असे त्याचे म्हणणे. आम्ही नेटाने सगळ्यांना घेऊन गेलो. पांढऱ्या कपड्यांतली सिंहली लेकरे रांगेत मांडी घालून बसलेली. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील सुरू केले. उच्चार जरा निराळा, चाल निराळी, पण पाली तीच. आमच्या नातीने चमकून आमच्याकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाली, ‘आजोबा, हे तर आपलं म्हणतात!’ आणि तीही म्हणू लागली. एरवी रविवारी सकाळी घरी बसवून म्हणायला लावावे लागे, तेव्हा तिची नजर दूरदर्शनवर असे.

वंदना झाल्यावर तिने सगळ्या भिंती पाहिल्या आणि विचारले, ‘बाबासाहेबांचा फोटो कुठाय?’

आता याचे उत्तर काय द्यायचे? आपल्या घरात दोन फोटो शेजारी शेजारी असतात, म्हणून लेकरांना वाटते की जिथे बुद्ध तिथे बाबासाहेब असणारच. आम्ही सांगितले की या लोकांच्या देशात धम्म दोन हजार वर्षांहून जास्त काळ टिकून राहिला. आपल्याकडे तो हरवला होता, तो बाबासाहेबांनी शोधून आणून दिला, म्हणून त्यांचा फोटो आपल्या घरात असतो. तिला पटले. ‘म्हणजे ते आपले शोधणारे,’ ती म्हणाली. इतकी वर्षे भाषणे केली, पण इतके थोडक्यात आम्हाला कधी जमले नाही.

त्यानंतर बरेच दिवस मजेत गेले. एकदा झाडांच्या कुंड्या घ्यायला मोठ्या दुकानात गेलो होतो. तिथे प्लास्टिकची बेडके, बुटके म्हातारे आणि त्यांच्या ओळीत तथागतांची मस्तके, बागेत ठेवायची, किंमतीची चिठ्ठी चिकटवलेली. नातवाने बेडकाला हात लावला आणि नातीने तिथेच फरशीवर गुडघे टेकून हात जोडले. एक गोरे आजोबा बाजूला थांबून राहिले, त्यांनी गाडी पुढे नेली नाही. आम्हाला आधी राग आला होता त्या दुकानाचा. नंतर तो कुठे गेला कळले नाही.

आता ती चूक.

नातीच्या वर्गात पुण्याकडच्या एका मराठी कुटुंबाची मुलगी आहे. दोघींचे गूळपीठ. ऑगस्टच्या सुट्टीत त्यांच्याकडे गणपती बसला, त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावले. मुलगा-सून लेकरांना घेऊन गेले. आम्ही गेलो नाही. त्यावर नातीने आदल्या रात्री विचारले, ‘आजोबा, तुम्ही का येत नाही?’ आम्ही बावीस प्रतिज्ञांचे माणूस. लेकराला समजेल असे सांगावे, ते सोडून आम्ही फटकन म्हणालो, ‘आपण गणपती मानत नाही. ते सगळं खोटं असतं.’ आणि वर्तमानपत्रात डोके घातले.

सहा वर्षांच्या मुलीने ते जसेच्या तसे दुसऱ्या दिवशी आरतीच्या ताटापाशी आपल्या मैत्रिणीला सांगितले. वर ‘माझे आजोबा टीचर होते’ असा पुरावाही जोडला. ती मुलगी रडत आईकडे गेली. पुढे काय झाले असेल ते वाचकांच्या ध्यानात येईल. मुलगा-सून जेवण अर्धे टाकून आले. सूनबाई घरी येऊन काही बोलल्या नाहीत, फक्त भांडी जोरात घासली. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली, तेव्हा ती मैत्रीण वर्गात दुसऱ्या बाकावर जाऊन बसू लागली. नात शाळेतून येऊन गप्प राही. एक दिवस आजीला म्हणाली, ‘माझ्याशी कोणी खेळत नाही, मी खोटं बोलले का?’

आम्ही मनाशी पुष्कळ वाद घातला. प्रतिज्ञा आमच्या आहेत, त्यांत आम्हाला तिळमात्र शंका नाही. आपण देव मानत नाही हे लेकराला सांगायलाच हवे. पण दुसऱ्याच्या घरी त्याचे मीठ खाताना त्याच्या लेकराला खोटे ठरवणे बाबासाहेबांनी कुठे सांगितले होते? आम्ही आमचे अर्धवट वाक्य एका चिमुरडीच्या हातात दिले आणि त्याची किंमत तिने मोजली. दोष तिचा नव्हता.

सूनबाईंनी त्या बाईंना फोन केला, माफी मागितली, चहाला बोलावले. त्या आल्या. चांगल्या घरातल्या, शिकलेल्या, बोलायला गोड. मुलीचे झाले गेले विसरू, असे दोन्हीकडून झाले. मग नेहमीचे प्रश्न. मूळ गाव कोणते, नागपूरला कुठे, घरी काय काय करता, लग्न कसे जमले. आडनावावरून आमचे चटकन कळत नाही. भिंतीवरच्या दोन फोटोंकडे त्यांची नजर गेली आणि त्या हळूच म्हणाल्या, ‘अच्छा... म्हणजे तुम्ही ते का?’

बस्स, एवढेच. खोटे कशाला बोलावे, त्यांनी चहा कपभर घेतला, बशीतली नानकटाईही खाल्ली आणि हसतमुखाने निरोप घेतला. पण त्या एका ‘ते’ नंतर खोलीत क्षणभर जे शांत झाले, ते लेकरांपासून लपले नाही. नात जिन्याच्या पायरीवर बसली होती. पाहुण्या गेल्यावर तिने विचारले, ‘ते म्हणजे कोण, आजोबा?’

मुलगा चटकन म्हणाला, ‘काही नाही, ते म्हणजे नागपूरचे.’ आणि तिला खेळायला पाठवले.

त्या रात्री स्वयंपाकघरात बराच वेळ दिवा होता. मुलाचे म्हणणे, ‘बाबा, इथे आपण फक्त इंडियन आहोत. ऑफिसात कोणाला काही माहीत नाही. कशाला ते सगळं पोरांच्या डोक्यात भरायचं? त्यांना तरी मोकळं वाढू द्या.’ हे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने सोसले आहे त्यालाच ते पोरांपासून दूर ठेवावेसे वाटते. आमची जीभ आधीच पोळली होती, म्हणून आम्ही गप्प राहिलो. बोलल्या त्या सूनबाई.

त्या म्हणाल्या, ‘मला घरी कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या बाबांनाही वाटे, पोरगी मोकळी वाढू दे. पाचवीत होते. कारकून वर्गात आला, हातात यादी, आणि म्हणाला, स्कॉलरशिपवाले उभे राहा. आम्ही सहा जण उभे राहिलो. मला वाटलं, मार्क चांगले पडले म्हणून मिळते आहे. मागून एक मुलगी म्हणाली, नाही गं, तुम्ही ते आहात म्हणून. मला ‘ते’ म्हणजे काय हे चाळीस पोरांसमोर उभं राहून कळलं. माझ्या पोरीला असं कळायला नको. तिला मी सांगणार, घरात, मांडीवर घेऊन.’

वीस वर्षांच्या ओळखीत ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही, असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले.

मुलाला वाटत होते की समुद्र ओलांडला म्हणजे प्रश्न मागे राहिला. तो आपल्या लोकांच्या पेटीतून बरोबर आलेला असतो. ब्रिटनमध्ये २०१० चा समानतेचा कायदा आहे. २०१३ मध्ये त्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन संसदेने सरकारवर घातले, आणि २०१८ मध्ये सरकारने ते करायचे नाही, न्यायालयांच्या निकालांवर अवलंबून राहायचे, असे ठरवले. अमेरिकेत सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीभेदाला कायद्याने मनाई केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसे विधेयक सही न करता परत पाठवले. म्हणजे मोठमोठ्या देशांत यावर मते पडत आहेत, आणि आपल्या घरात मात्र सहा वर्षांच्या लेकराला ‘ते म्हणजे नागपूरचे’!

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सूनबाईंनी नातीला जवळ घेतले आणि सांगितले, की आपल्या देशात फार वर्षांपूर्वी काही लोकांनी ठरवले की काही माणसे उंच आणि काही खाली. जे खाली ठरले त्यांच्यात आपले पणजोबा होते. ते ठरवणे चूक होते. आणि अजूनही काही जण ते विसरलेले नाहीत. बस, चार वाक्ये. पुढची गोष्ट सांगायचे काम आमच्याकडे आले. या खेपेला आम्ही वर्तमानपत्र बाजूला ठेवले.

बाबासाहेबांनी स्वतःच्या बालपणाची एक हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात सांगितली आहे. १९०१ चा सुमार. नऊ वर्षांचा भीमराव, भाऊ आणि भाचे असे साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. नवे कपडे, आगगाडीचा प्रवास, लेकरे आनंदात. मसूर स्टेशनवर उतरले. घ्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलले. जात कळल्यावर दूर झाले. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण अट अशी की बैल पोरांनीच हाकायचे, तो बरोबर पायी चालणार. शिदोरी होती, पण रात्रभर प्यायला पाणी कोणी दिले नाही.

नात मध्येच म्हणाली, ‘रोझा पार्क्ससारखं!’ शाळेत त्यांना शिकवले होते, अमेरिकेत माँटगोमेरीला १९५५ मध्ये एका काळ्या बाईने बसमधली जागा सोडायला नकार दिला, ते. आम्ही थक्क झालो. मग तिचे प्रश्न. ‘पण गाडी त्याची होती ना? मग तो का पायी चालला?’ वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही. शेवटचा प्रश्न, ‘मग त्यांना पाणी मिळालं का?’ आम्ही म्हणालो, ‘त्या रात्री नाही.’ ती उठली, स्वयंपाकघरातून भांडे भरून आणले आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर ठेवले. फोटोला पाणी ठेवायचे नसते, बाबासाहेब देव नाहीत, असे सांगण्यासाठी आमचे तोंड उघडले होते. मिटले.

पुढच्या रविवारी सगळे मिळून किंग हेन्रीज रोडवर गेलो. हौन्स्लोहून भुयारी गाडीने लेस्टर स्क्वेअर, तिथे गाडी बदलून चॉक फार्म, आणि मग थोडे चालायचे. १० क्रमांकाचे घर. विद्यार्थी असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले. स्मारकाला स्थानिक परवानगी मिळत नव्हती, ती २०२० मध्ये अपिलात मिळाली. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. नातीने त्यावरचे नाव एकेक अक्षर लावून वाचले. मुलगा बाजूला उभा होता. त्याने चष्मा काढून पुसला, पाऊस नव्हता.

आजीने घराच्या वरच्या खिडक्यांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, ‘साहेब इथे अभ्यास करत होते, तेव्हा रमाई तिकडे परळच्या चाळीत लेकरं सांभाळत होती. एकटी.’ त्या माउलीला पाच लेकरे झाली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार गेली, यशवंत तेवढे राहिले. आजही आखातात मजुरीला गेलेले आपले कितीतरी बांधव पगाराच्या अटीमुळे बायकामुलांना नेऊ शकत नाहीत. त्या बायांसमोर आपल्या नर्सरीच्या फीचे रडगाणे काय गायचे, असे सूनबाई परतीच्या गाडीत म्हणाल्या. आजीने त्यांना गप्प केले. ‘तुझंही खरंच आहे. दोघींचं खरं असू शकतं.’

२ ऑक्टोबरला विजयादशमी कामाच्या दिवशी आली. मुलगा कचेरीतून येईपर्यंत थांबलो, रात्री आठला मेणबत्त्या लावून वंदना केली. दीक्षाभूमीची गर्दी सोडून चौघे मोठे आणि दोन लेकरे. आम्हाला चुकल्यासारखे वाटले. त्याच महिन्यात नातीच्या शाळेतून चिठ्ठी आली की भारतीय पालकांनी मुलांना दिवाळीच्या पोशाखात पाठवावे आणि काही सांगावे. सूनबाईंनी बाईंना उत्तर लिहिले, की आम्ही बौद्ध आहोत. दिवाळीच्या कार्यक्रमात मुलगी आनंदाने बसेल, पण सांगायचे झाले तर तिला दुसरे काही सांगायचे आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर हा काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळतात. बाईंनी त्यात जागा दिली. नातीने निळ्या पाटीचा फोटो नेला आणि बैलगाडीची गोष्ट पाच-सहा वाक्यांत सांगितली. घरी येऊन म्हणाली, ‘सगळ्यांनी एकच विचारलं, पाणी मिळालं का?’

ती मैत्रीणही वर्गात होती. ती आता पुन्हा नातीजवळ बसते, शनिवारी खेळायलाही येते. तिची आई दारातूनच सोडून जाते. घाई असेल. नात तिच्याकडे जाते तेव्हा गणपतीबद्दल काही बोलत नाही. ‘आमच्या घरी नसतो, तुमच्या घरी असतो’ एवढे तिने स्वतःच ठरवले आहे. आम्ही त्यात भर घातली नाही.

आम्ही परतल्यावर नातवाची नर्सरी पुन्हा पाच दिवसांची झाली. दर रविवारी आपल्या दुपारी चारला, त्यांच्या सकाळी साडेदहाला फोन येतो. गेल्या फोनवर सूनबाई सांगत होत्या, नर्सरीच्या बाईंनी विचारले की हा सारखे एक शब्द म्हणतो, त्याचा अर्थ काय? त्यांनी सांगितला. बाईंनी तो इंग्रजी अक्षरांत एका कागदावर लिहून नळाशेजारी भिंतीला चिकटवला. आता तिथे तो ‘पानी’ म्हणाला की कोणी ना कोणी त्याच्या हातात पेला देते.